बोर्ड बदलला, पण झालं काय होतं?

‘दुरुस्त झालं’ असं आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. बंद पडलेलं यंत्र पुन्हा सुरू झालं, ही एक. ते का बंद पडलं हे कळलं आणि ते कारण दूर झालं, ही दुसरी. पूर्वी या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकत्रच व्हायच्या, कारण यंत्र सुरू करायचं तर काय बिघडलंय हे आधी शोधावं लागायचं. कंट्रोल बोर्ड आल्यापासून त्यांची फारकत झाली. जुना बोर्ड काढायचा, नवा बसवायचा, वायरी होत्या तशा जोडायच्या. यंत्र सुरू. बिघाड कशामुळे झाला होता हे बोर्ड बदलणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि माहीत नसलं तरी त्याचं काही अडत नाही.

मग अडतं कुणाचं? आणि पैसे मोजून यंत्र घेणाऱ्याला ते का बंद पडलं हे विचारायचा हक्क असतो का? सर्व्हिस सेंटरमध्ये हा प्रश्न कुणी विचारला तर काउंटरवरचा माणूस त्याच्याकडे विचित्र नजरेनं बघतो. ‘चालू करून दिलं ना तुम्हाला?’ या वाक्यावर विषय संपतो. माझ्या मते तो तिथे संपू नये.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. गाव लोणी देवकर, तालुका इंदापूर. पुणे-सोलापूर हायवेनं भिगवण सोडून इंदापूरकडे निघालात की आधी पळसदेव आणि मग आमचं गाव लागतं. एका अंगाला उजनीचं फुगवट्याचं पाणी, दुसरीकडे एमआयडीसी आणि मधे ऊस. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, दुधाचे दर दहा-पंधरा दिवसांनी. घरचा किराणा, शाळेची फी, पेंडीचं बिल हे सगळं दुधावर चालतं. त्यामुळे आमच्या भागात दूध संकलन केंद्रातला बल्क कूलर हे बँकेइतकं महत्त्वाचं यंत्र आहे.

बल्क कूलर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाईच्या सडातून निघालेलं दूध साधारण ३५ ते ३७ अंश गरम असतं. त्या तापमानाला जिवाणू झपाट्यानं वाढतात. दूध लवकरात लवकर ४ अंशांवर आणलं तर टिकतं. कूलर म्हणजे स्टीलची मोठी टाकी, तिच्या तळाखालून फिरणारा गॅस, कॉम्प्रेसर, दूध हलवत ठेवणारा पंखा आणि या सगळ्यांना कधी चालू आणि कधी बंद व्हायचं ते सांगणारा एक बोर्ड. बोर्डाला टाकीतल्या सेन्सरकडून तापमान कळतं. ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की तो रिले ओढतो, कॉन्टॅक्टर बसतो, कॉम्प्रेसर सुरू होतो. काम एवढंच. पण ते थांबलं तर लाखो रुपयांची टाकी म्हणजे नुसतं मोठं पातेलं.

माझा थोरला चुलतभाऊ असं एक केंद्र चालवतो. कूलर घेतल्यावर पावणेदोन वर्षांनी त्याचा बोर्ड गेला. मे महिना होता आणि संध्याकाळचं दूध टाकीत होतं. शेतकऱ्यांनी घातलेल्या दुधाचं फॅट-एसएनएफ लागून पावत्या निघालेल्या होत्या, म्हणजे ते दूध आता दादाचं होतं. सकाळी टँकर घेऊन गेलेलं दूध प्लँटवर उकळून पाहतात. फुटलं तर परत येतं आणि नुकसान केंद्रचालकाचं. त्या रात्री दादानं बर्फाच्या लाद्या आणल्या, दूध कॅनमध्ये भरून त्या लाद्यांत ठेवलं आणि पहाटेपर्यंत कसंबसं निभावलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. वीस मिनिटांत त्यानं बोर्ड बदलला. साडेआठ हजार रुपये, जीएसटी वेगळा. वॉरंटी एक वर्षाची होती, ती संपलेली.

दादानं विचारलं, “पण झालं काय होतं?”

“बोर्ड गेला होता, भाऊ.”

“ते कळलं. पण कशानं गेला?”

“व्होल्टेजनं गेला असंल. ते वरती पाठवल्याशिवाय नाही सांगता येत.”

जुना बोर्ड तो घेऊन गेला. तो जमा केला तरच नवा या किमतीत मिळतो, नाहीतर जास्त पैसे पडतात, अशी पद्धत होती. वरती काय निष्पन्न झालं हे कधीच कळलं नाही. दादानं आपल्या परीनं व्होल्टेज स्टॅबिलायझर बसवला. त्याचे आणखी पैसे गेले.

पुन्हा जवळपास तेवढ्याच काळानं दुसरा बोर्ड गेला. या वेळी कंपनीचा माणूस सोलापूरच्या बाजूला होता, परवा येतो म्हणाला. परवापर्यंत दूध थांबत नाही. दादानं बोर्ड काढला आणि इंदापूरला टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेला. काकांनी भिंग लावून पाहिलं आणि बोटानं दाखवलं. बोर्डाच्या पॉवर सप्लायमधले दोन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते. ते बदलले. कपॅसिटरचे चाळीस रुपये, मजुरी तीनशे. बोर्ड सुरू झाला. पण काकांनी त्याच्या पुढचा प्रश्न विचारला, जो कुणी विचारला नव्हता.

“ह्यो डबा बसवलाय कुठं तुम्ही?”

पॅनेल शेडच्या पश्चिमेच्या पत्र्याला ठोकलेलं होतं. दुपारभर त्या पत्र्यावर ऊन.

“मग दुसरं काय होणार? व्होल्टेजचा काय संबंध नाय. आत नुसतं भाजतंय ते.”

दादानं पॅनेल काढून आतल्या विटांच्या भिंतीवर, सावलीत लावलं. कामाला एक दुपार लागली.

काकांचं म्हणणं गणितात मांडता येतं. बोर्डावरच्या साध्या कपॅसिटरवर बहुतेक वेळा ‘१०५ अंश, २००० तास’ असं आयुष्य ठरलेलं असतं. इंजिनिअर एक ढोबळ नियम वापरतात: तापमान दर १० अंशांनी कमी केलं की आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे ६५ अंशांवर तोच कपॅसिटर ३२,००० तास टिकेल. अखंड चालला तर साडेतीन वर्षांहून जास्त. पण डब्याच्या आत ७५ अंश असतील तर १६,००० तास, म्हणजे दोन वर्षंही पुरती नाहीत. पत्र्यामुळे वाढलेल्या दहा अंशांनी बोर्डाचं आयुष्य निम्मं होत होतं. आणि नवा बोर्ड त्याच डब्यात, त्याच पत्र्यावर बसवला की तोही त्याच मार्गानं जाणार होता.

बोर्ड बदलणं ही यंत्राच्या दृष्टीनं दुरुस्ती होती, पण दादाच्या दृष्टीनं तो पुढच्या बिघाडाचा मुहूर्त ठरवणं होतं. ज्याला कारण कळत नाही, त्याला पुढच्या वेळी काही वेगळं करता येत नाही. तो फक्त पुन्हा पैसे भरू शकतो, किंवा स्टॅबिलायझरसारखा अंदाजानं केलेला चुकीचा खर्च.

आता दुसरी बाजू. बोर्ड बदलणाऱ्या माणसाला दोष देणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. टाकीत दूध असताना भिंग लावून बसणं हा मूर्खपणा ठरला असता. त्या क्षणी बदलणं हेच योग्य. शिवाय त्या माणसाला दिवसाला किती कॉल करायचे हे ठरवून दिलेलं असतं. कारण शोधायला लागणारा वेळ त्याच्या पगारात मोजला जात नाही, आणि बोर्डाचा नकाशा त्यालाही दिलेला नसतो.

आमच्या धंद्यातही हेच करतात. सर्व्हर बंद पडला की आधी सेवा पूर्ववत करायची. रीस्टार्ट करा, जुनी आवृत्ती परत चढवा, काहीही करा, पण लोकांचं काम सुरू करा. रात्री तीन वाजता कुणी तत्त्वज्ञान करत नाही. पण आमच्याकडे एक दुसरा नियमही आहे. सेवा सुरू झाली म्हणून काम संपलं असं धरत नाहीत. पुढच्या काही दिवसांत बसून लिहून काढायचं: काय झालं, केव्हा झालं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. त्याला ‘आरसीए’ म्हणतात, रूट कॉज अॅनालिसिस. मोठा ग्राहक असेल तर तो कागद त्याला पाठवावा लागतो. करारातच तसं लिहिलेलं असतं.

‘मोठा ग्राहक असेल तर’ हे शब्द मला खटकतात. बँकेचं ॲप वीस मिनिटं बंद पडलं तर बँकेला चार पानांचा खुलासा मिळतो. दादाचा कूलर रात्रभर बंद पडला तर त्याला ‘बोर्ड गेला होता’ एवढे तीन शब्द मिळतात. तंत्रज्ञान दोन्हीकडे तितकंच समजण्यासारखं आहे. बँक खुलासा मागू शकते, दादा मागू शकत नाही, एवढाच फरक. कारण सांगणं ही तंत्राची बाब राहिलेली नाही, ती पत असलेल्या माणसाला मिळणारी सवलत झाली आहे.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे: माणसाला निव्वळ साधन म्हणून वागवू नका. पुस्तकात वाचताना ते फार मोठ्या प्रसंगांसाठी असल्यासारखं वाटतं. पण ते इथेही लागू होतं. ज्याला आपण कारण सांगतो, त्याला आपण विचार करू शकणारा, आपल्या वस्तूबद्दल निर्णय घेऊ शकणारा माणूस मानतो. ज्याला फक्त बिल देतो, त्याला आपण बिल भरणारी जागा मानतो. दादा दहावी झालेला आहे. ‘पत्र्यावर ऊन येतं, म्हणून आतले भाग भाजतात’ हे समजायला दहावीही लागत नाही.

आणि कारण सांगण्याची पद्धत आपल्याकडे नवीन नाही. बोअरची मोटार जळाली की ती तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगवाल्याकडे जाते. तो मोटार उघडून गिऱ्हाइकाच्या समोर धरतो. काही कॉइल्स कोळशासारख्या काळ्या आणि बाकीच्या जशाच्या तशा असल्या, की तो सांगतो: एक फेज गेली होती, उरलेल्या दोनवर मोटार ओढत राहिली. मग सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा म्हणतो. जुन्या तांब्याचा हिशेबही बिलात धरतो, कारण ते तांबं गिऱ्हाइकाचं आहे हे दोघांनाही मान्य असतं. तो काही संत नसतो, पैसे तोही घासाघीस करूनच घेतो. पण त्याच्या दुकानात मालक बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. बोर्डाच्या व्यवहारात हे गळून पडलं: जुना भाग मालकाला बघायलाही मिळत नाही आणि त्यात काय होतं हेही कळत नाही.

जगात याच मुद्द्यावर मोठी भांडणं झाली आहेत. अमेरिकेत मॅकडॉनल्ड्सची आइस्क्रीमची यंत्रं बंद पडण्यासाठी एवढी बदनाम आहेत की त्यावर विनोद होतात. ती चालवणाऱ्या दुकानदारांना यंत्र नेमकं का थांबलं हे कळत नसे. किच नावाच्या छोट्या कंपनीनं यंत्राच्या आतली माहिती दुकानदाराच्या फोनवर दाखवणारं उपकरण काढलं. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये मॅकडॉनल्ड्सनं आपल्या दुकानदारांना ते वापरू नका असं कळवलं. पुढे ऑक्टोबर २०२४मध्ये तिथल्या कॉपीराइट कायद्यात एक सूट मिळाली: दुकानांतली अन्न तयार करणारी व्यावसायिक यंत्रं दुरुस्त करण्यासाठी त्यांचं डिजिटल कुलूप तोडलं तर तो गुन्हा नाही. म्हणजे त्याआधी स्वतःच्या यंत्राचा एरर वाचण्यासाठी कायद्यातून वाट काढावी लागत होती.

पोलंडमधली गोष्ट याहून विचित्र आहे. तिथल्या काही रेल्वेगाड्या दुसऱ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये देखभालीसाठी गेल्या आणि नंतर सुरूच होईनात. बोलावलेल्या हॅकर्सनी गाडीचं सॉफ्टवेअर उलगडलं आणि डिसेंबर २०२३मध्ये जाहीरपणे सांगितलं, की ठरावीक वर्कशॉपांच्या जीपीएस जागांवर गाडी काही काळ उभी राहिली तर ती बंद पडावी, अशी अट कोडमध्ये आहे. गाड्या बनवणाऱ्या नेवाग कंपनीनं हे आरोप फेटाळले. वाद कोर्टात गेला. पण सॉफ्टवेअर लिहिणारा म्हणून मला एवढं ठाऊक आहे की अशी अट लिहायला चार-पाच ओळी पुरतात, आणि बाहेरून ती हुबेहूब बिघाडासारखी दिसते.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. मुद्दा होता सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तकं आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला न देण्याचा. २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं आधी घेतली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं. चांगलं आहे. पण धंद्यासाठी यंत्र घेणाऱ्यांची गोष्ट अवघड राहते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूनं वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानत नाही. फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर अपवाद आहे. म्हणजे पिठाची गिरणी, झेरॉक्सचं दुकान, दूध केंद्र चालवणाऱ्यावर हे सिद्ध करायची वेळ येऊ शकते की मी व्यापारी नाही, मी पोट भरतोय.

कंपन्यांचं यावर उत्तर ठरलेलं असतं: सगळं उघडं ठेवलं तर कुणीही काहीही करेल. हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही, आणि त्याचा पुरावा दादाच्या केंद्रातच आहे. कूलरपासून दहा पावलांवर वजनकाटा आहे. त्या काट्यावर सरकारी मुद्रा असते. वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९नुसार तो काटा वाटेल त्याला दुरुस्त करता येत नाही, त्यासाठी परवाना लागतो, आणि नंतर पुन्हा पडताळणी होते. काट्याचा बोर्ड दादानं हवा तेव्हा उघडावा असं मी म्हणेन का? नाही म्हणणार. कारण काट्यासमोर शेतकरी उभा असतो. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला जो दर ठरतो तो लिटरवर लागतो, आणि लिटर काटा सांगतो. काट्यात गडबड झाली तर नुकसान मालकाचं होत नाही, समोरच्याचं होतं.

म्हणजे ‘उघडायला मनाई’ कधीकधी न्याय्य असते. पण ती कुणासाठी आहे हे बघायला हवं. काट्यावरची मुद्रा व्यवहारातल्या कमजोर माणसाला वाचवते. ती सर्वांसमोर असते, तिचा नियम छापलेला असतो, ती तुटली तर दिसते. बोर्डावरचा घट्ट ओतलेला इपॉक्सी, खरवडलेले चिपचे नंबर, पासवर्डमागचा सर्व्हिस मेनू हे कुणाला वाचवतात? दूध घालणाऱ्याला नाही, पिणाऱ्यालाही नाही. मुद्रेनं दोन माणसांतला विश्वास राखला जातो, या कुलपांनी विकणाऱ्याची मिळकत राखली जाते. विजेचा धोका असेल तर तसा इशारा लिहा, गॅसचं काम परवानाधारकानंच करावं असा नियम करा. त्याला माझी हरकत नाही. पण सुरक्षिततेचं नाव सांगून कारण लपवणं ही वेगळी गोष्ट आहे. कारण सांगितल्यानं कुणाला शॉक बसत नाही.

मी फार मोठं काही मागत नाही. प्रत्येकानं सोल्डरिंग शिकावं असं मला म्हणायचं नाही, कंपनीनं आपलं सगळं डिझाइन फुकट वाटावं असंही नाही. बोर्ड बदलला तर जुन्यात काय आढळलं ते महिनाभरात दोन ओळींत कळवा. जुना बोर्ड ठेवायचा की जमा करायचा हे मालकाला ठरवू द्या. आणि एररचा अर्थ यंत्रासोबतच्या पुस्तकात, मराठीत छापा. एवढ्यानं खर्च थोडा वाढेल, आणि नव्या बोर्डांची विक्री थोडी घटेल. खरी अडचण दुसऱ्या वाक्यात आहे.

वाचणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्यासारखेच कोड लिहीत असतील. कायदा येईल तेव्हा येईल, पण एक जागा आपल्या हातात आजही आहे, आणि ती म्हणजे स्क्रीनवरची एररची ओळ. ‘एरर ०७, सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा’ असं लिहायचं, की ‘पॅनेलमधलं तापमान ७० अंशांच्या वर आहे, डबा सावलीत हलवा’ असं? बोर्डावर आधीपासून तापमान मोजणारा भाग असेल तर दोन्ही ओळींना सारखाच वेळ लागतो. कोणती लिहायची हे बहुतेक वेळा स्पेसिफिकेशनमध्ये नसतं. ते आपण ठरवतो, कामाच्या घाईत, फारसा विचार न करता. स्क्रीनपलीकडे कुणी तरी बर्फाच्या लाद्या आणायला निघालेलं असू शकतं. त्याला काय झालंय हे कळावं की नाही, याचं उत्तर त्या एका ओळीत आपण देऊन टाकलेलं असतं.